तांडेलबाईंचा चौथा रकाना

अकरा वर्षांची एक मुलगी तीन महिने बेपत्ता होती आणि ती बेपत्ता आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. शाळेला वाटत होतं ती आईबापाकडे आहे, आईबापाला वाटत होतं ती शाळेत आहे, आणि आमच्या कागदावर तिच्या नावापुढे 'धोका : कमी' असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली सहीसुद्धा केलेली होती. ती कुठे आहे हे कळलं तेव्हा मी तिथे हजर होते. तेव्हा बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. पण ती सापडली ती तांडेलबाईंमुळे, आणि ती सापडल्यावर सगळ्यात जास्त खचल्या त्याही तांडेलबाईच. म्हणून आधी बाईंबद्दल सांगते.

मी डहाणू तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. बावीस वर्षं नोकरी झाली. तोंडाने फटकळ आहे, हे ऑफिसात कुणीही सांगेल, माझा नवरा तर न विचारता सांगेल. प्रशिक्षण म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. कुणीतरी इस्त्रीच्या शर्टातला माणूस येतो, भिंतीवर चित्रं पाडतो, आपण डुलक्या काढतो आणि शेवटी एक फाइल, एक पेन घेऊन घरी जातो. हेही तसलंच असणार असं धरून मी गेले. विषय होता, घरात किंवा बाहेर मुलाला किती धोका आहे हे कसं ओळखायचं. आम्ही अंगणवाडीवाल्या, काही शिक्षक, आरोग्य खात्याच्या नर्सबाई, संस्थांचे कार्यकर्ते आणि एक हवालदार मिळून चोवीस जण होतो. तलासरीचा एक हॉल, फेब्रुवारी महिना, सोमवार ते शुक्रवार.

तांडेलबाई अलिबागकडच्या. साठी उलटलेली. सगळी नोकरी मुलांच्या केसेस करण्यात गेली, निवृत्त झाल्यावर गावोगाव शिकवत हिंडायच्या. उंच, सावळ्या, आवाज असा की मागच्या रांगेला माइक लागू नये. साडी कमरेला घट्ट खोचलेली, आता होडी ओढायला निघाल्यात म्हणावं तशी. मनगटावर पुरुषी घड्याळ, पिशवीत स्टीलचा स्वतःचा पेला आणि सुक्या बोंबलांच्या चटणीचा डबा. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की अलिबागची भाषा तोंडात यायची. पहिल्या दिवशी आल्या आल्या त्यांनी प्रोजेक्टरची वायर स्वतः उपटली.

"या भिंतीवर पोर दिसणार हाय का? नाय ना? मग कशाला ती वीज जाळायची."

मी शेजारच्या नर्सबाईंना कोपराने ढोसलं. म्हटलं, चला, निदान झोप तरी येणार नाही.

मग त्यांनी एका घराचं वर्णन वाचून दाखवलं. घराला दार नाही, नुसती ताटी. चूल जमिनीवर, उघडी. आईबाप उजाडताना कामाला जातात, दिवेलागणीला येतात. घरी नऊ वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ. "सांगा, धोका किती? कमी, मध्यम की तीव्र?" फॉर्मवर हे तीनच रकाने असतात. आम्ही गाववाल्यांनी धडाधड 'तीव्र' लिहिलं. मी तर खाली दोन रेघा मारल्या. तलासरीकडचा वसंत म्हणून एक कार्यकर्ता होता, वारली समाजातला, तिशीचा, मोजकं बोलणारा. त्याने एकट्याने 'कमी' लिहिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाई, हे तर आमचंच घर झालं. मी असाच वाढलो."

हॉलभर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

"शेजारी कोण राहतं, हे चोवीस जणांत एकानेही मला विचारलं नाही. तुम्ही लोकांनी दार बघितलं, ह्याने स्वतःचं लहानपण बघितलं. ती दोन पोरं कुणी बघितली?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पाड्यावर ताटीच्या घरातलं पोर रडलं तर आजी येते, चुलती येते, पलीकडची म्हातारी काठी आपटत येते. मला भीती वाटते ती कडी लावता येणाऱ्या दारांची."

वहीत हे वाक्य मी उतरवून घेतलं होतं. त्याखाली एक फूलही काढलं होतं.

बाईंच्या हातात कायम एक लाल पेन्सिल असायची. आमचे अहवाल त्या वाचायच्या ते खोडण्यासाठीच. 'गरीब' खोड. 'अस्वच्छ' खोड. 'सुसंस्कृत' तर त्यांनी इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. माझ्या अहवालात 'आई प्रेमळ आहे' असं होतं.

"कशावरून गो?"

"अहो बाई, दिसते ना!"

"काय दिसलं? पोर पडलं तेव्हा उठून गेली? भरवताना बघितलीस?"

मी पेनाला टोपण लावलं.

"मग प्रेमळ म्हणू नको. वाईटही म्हणू नको. तिने काय केलं ते लिही आणि मोकळी हो."

आणखी एक त्यांचा कायदा होता. 'मला वाटतं' असं म्हणेल त्याने पाच मिनिटं उभं राहायचं. हवालदार बिचारा अर्धा दिवस उभाच होता. मीही तीनदा उभी राहिले, आणि तिसऱ्यांदा चिडून म्हटलं, "बाई, माणसाने वाटून घ्यायचंच नाही का?" तर म्हणाल्या, "घ्यायचं की. पण ते तुझं असतं. पोराच्या कागदावर कशाला ठेवतेस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना फॉर्मवर पट्टीने एक उभी रेघ मारायला लावली. तीन रकान्यांच्या शेजारी चौथा रकाना. त्याच्या डोक्यावर लिहायला सांगितलं, 'माहीत नाही'. नर्सबाई म्हणाल्या, असा रकाना वरच्या ऑफिसला चालणार नाही. बाई उसळल्याच. "नाय चालणार, कारण सगळ्यांना लाज वाटते. माहीत नसलं की तुम्ही 'कमी' लिहिता. मीही लिहिलंय, तीस वर्षं. माहीत नाही म्हणजे कमी नव्हे! माहीत नाही म्हणजे उठा, चपला घाला आणि जाऊन बघा."

बुधवारी सकाळी आशागडला घरभेटी होत्या. नर्सबाई एका आजींसमोर फॉर्म धरून शाळेतल्यासारखं वाचत होत्या, "घरात मद्यपान होते का? असल्यास किती वेळा?" आजी त्यांच्याकडे असं बघत होत्या, जणू वीजबिलवाली आलीय. तांडेलबाईंनी फॉर्म काढून घेतला, बुडाखाली घातला आणि त्यावर बसल्या. आजींच्या सुपातल्या वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. शेंगा कुणाच्या, यंदा कीड होती का, सून कुठली, असं सगळं निवांत. अर्ध्या तासाने आजी आपणहून म्हणाल्या की मुलगा ज्या दिवशी झिंगून येतो त्या दिवशी त्या नातवाला उचलून शेजारी नेऊन निजवतात, आणि शेजारीण दारातच बसून राहते. परत येताना बाई म्हणाल्या, "बघा, धोकाही कळला आणि त्याच्यावरचा पहाराही कळला. ह्याला तुमच्या फॉर्मात रकाना कुठला?" आम्ही सगळे भारावलो होतो. खरंच सांगते, बावीस वर्षांत असं कुणी शिकवलं नव्हतं.

बाईंच्या राहायच्या सोयीचं काम माझ्याकडे आलं होतं. स्टेशनजवळच्या लॉजचे जिने त्यांच्या गुडघ्यांना झेपण्यासारखे नव्हते. मी म्हटलं, आपली वीणा आहे ना! वीणा माझी वीस वर्षांची मैत्रीण. हायस्कूलात शिक्षिका, नवरा रेल्वेत, मसोलीला तळमजल्यावर ऐसपैस फ्लॅट. फरशी अशी लख्ख की पाय ठेवायला संकोच वाटावा. सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या, तरी वीणा एका शब्दावर हो म्हणाली. अट एवढीच की बोंबलाचा डबा घरात उघडायचा नाही. रोज सकाळी मी जीप घेऊन तिकडे जायची, चहा घ्यायची, मग आम्ही दोघी आशागडवरून हायवेला लागायचो. विवळवेढ्याच्या देवीला बाई जीपमधूनच हात जोडायच्या आणि लगेच डबा उघडायच्या. ड्रायव्हर खिडकी उघडायचा.

बुधवारी दुपारी जुन्या फाइली काढायच्या होत्या. प्रत्येकाने आपली एक बंद झालेली केस आणायची आणि धोका बरोबर मांडला होता का ते तपासायचं. वसंतने आणलेली फाइल त्याच्या मते सगळ्यात सोपी होती. रंजिता नावाची मुलगी, वय अकरा, सहावीत. आईबाप दसरा झाला की वीटभट्टीवर जातात, मुलगी निवासी आश्रमशाळेत. धोका कमी.

"शेवटचं कुणी बघितलं हिला?" बाईंनी विचारलं.

"आश्रमशाळेत आहे, बाई."

"ते मी विचारलं नाही. डोळ्यांनी कुणी बघितलं आणि कधी?"

वसंतने कागद उलटसुलट केला. "मीच. जूनमध्ये. नाव घालायला गेलो तेव्हा."

"आता फेब्रुवारी आहे."

बाईंनी लाल पेन्सिलीने 'कमी' खोडलं, चौथ्या रकान्यात खूण केली आणि म्हणाल्या, "लाव फोन."

वसंतने शाळेत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून एक कंटाळलेला आवाज आला. "रंजिता ना? दिवाळीच्या सुट्टीत गेली ती परत आलीच नाही. आईबापांनी नेली असणार भट्टीवर. ह्यांचं दरवर्षीचं आहे." बाईंनी विचारलं, तुम्ही कुणाला कळवलंत का? आवाज म्हणाला, "गैरहजर मांडतो की आम्ही रोज!"

त्या दिवशी तेवढ्यावर उठलो. भट्टीवर असणार, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं आणि या वेळी कुणी कुणाला उभं केलं नाही. बाईंनी मात्र वसंतला सांगितलं, उद्या उजाडताना नीघ.

गुरुवारी दुपारी चार वाजता चहा आला आणि त्याच वेळी वसंत दारात उभा राहिला. भिवंडीपलीकडे जाऊन आला होता मोटारसायकलवर. केसांत, भुवयांत लाल धूळ. पाणी पुढे केलं ते त्याने घेतलं नाही.

"नाही तिथे," तो म्हणाला. "आईबाप म्हणतात ती शाळेत आहे. दिवाळीत मुकादमाने सोडलं नाही म्हणून न्यायला जाता आलं नाही. निरोप पाठवला होता, पोरीला तिथेच ठेवा. मी शाळेत नाही म्हटलं तर आई तिथेच खाली बसली, बाई. हातात चिखल तसाच. ओरडली पण नाही."

देवा रे! हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली. तीन महिने! नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी! अकरा वर्षांची पोर, आणि दोन्हीकडचे निर्धास्त. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. आपण पेपरात वाचतो तेच सगळं आलं.

वसंतने मोबाइल काढला. आईकडे मुलीचा एकच फोटो होता, महालक्ष्मीच्या जत्रेत काढलेला. मागे रंगवलेला बंगला, पुढे नव्या फ्रॉकमध्ये ती. त्या फोटोचा त्याने मोबाइलवर फोटो घेतला होता. "सगळ्यांनी बघून ठेवा," तो म्हणाला, आणि मोबाइल हातोहात फिरायला लागला.

तो माझ्या हातात आला आणि मी तिला ओळखलं.

वीणाकडची पिंकी.

वर मी लिहिलं, मी रोज तिकडे चहा घ्यायची. तो चहा कोण आणून द्यायचं ते लिहावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आत्ताही, सगळं घडून गेल्यावर! पिंकी आणून द्यायची. डिसेंबरपासून मी तिला बघत होते. "पिंकी, पाणी आण गं," असं हक्काने म्हणत होते. वीणाला म्हटलं होतं, नशीबवान आहेस बाई, अशी गुणी पोर मिळाली. आणि मी कोण? अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. मुलं मोजणं हे माझं काम.

आणि मी काय केलं? मोबाइल पुढे दिला. नर्सबाईंच्या हातात. गप्प बसून. डोळ्यांपुढे वीणाचा चेहरा आला, तिची नोकरी आली, वीस वर्षांची मैत्री आली. मी स्वतःला म्हटलं, फोटो जुना आहे, या पोरी सगळ्या सारख्याच दिसतात. हो, असंच म्हटलं मी मनात. लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं.

फिरत फिरत मोबाइल बाईंकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"ह्या पोरीने आज सकाळी मला आंघोळीचं पाणी काढून दिलं," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. वसंत म्हणाला, "काय बाई?"

"मसोलीला. मी राहते त्या घरात. चार दिवस मी तिच्या हातचं खातेय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुला कधी कळलं?"

मी टेबलावरच्या मोबाइलकडे बघितलं. कसंबसं म्हटलं, "फोन हातात आला तेव्हा."

"आणि तू पुढे दिलास."

एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटलं, निदान थोडा वेळ मागतील, आधी वीणाशी बोलू म्हणतील. शेवटी त्या तिच्या पाहुण्या होत्या. त्यांनी त्याच मिनिटाला बाल कल्याण समितीला फोन लावला आणि त्या घराचा पत्ता सांगितला. वीणाचं नाव सांगितलं. तिथे राहणारी पाहुणी म्हणून स्वतःचं सांगितलं.

जीपमध्ये आम्ही पाच जण होतो : बाई, मी, वसंत, हवालदार आणि ड्रायव्हर. पाऊण तासात मसोलीला पोचलो.

दार रंजितानेच उघडलं. हातात सासूबाईंचं बेडपॅन. वसंतला बघून ती थिजली. तो तिच्या भाषेत हळू काहीतरी बोलला, त्यात तिचं खरं नाव होतं. बेडपॅन खाली न ठेवता ती नुसती उभी राहिली. तीन महिन्यांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती.

वीणा शाळेतून नुकतीच आलेली. आधी तिला गंमत वाटली, मग ती पांढरीफटक पडली, मग चिडली. आश्रमशाळेतल्या एका ओळखीच्या स्वयंपाकिणीने दिवाळीत मुलगी आणून दिली होती. म्हणाली होती, हिला न्यायला कुणी आलं नाही, सुट्टीपुरती ठेवा, पोटभर जेवेल. सुट्टी संपली, सासूबाईंचं हाड जुळलं नाही, मुलगी राहिली.

"काय छळ केला हो आम्ही तिचा? जेवते, टीव्ही बघते, अंगावर चांगले कपडे आहेत. जूनपासून इथल्या शाळेत घालणारच होते मी तिला!"

ती खोटं बोलत नव्हती. खरंच घालणार होती. मला अजून भीती वाटते ती त्याचीच.

"पिंकी का म्हणता?" हवालदाराने विचारलं.

"अहो, माझ्या मोठ्या नणंदेचं नाव रंजिता. कामाच्या पोरीला त्या नावाने हाक कशी मारायची?" मग ती बाईंकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही माझ्या घरी जेवलात हो! चार दिवस! तुम्हाला तरी काही वावगं दिसलं का?"

तांडेलबाई सोफ्यावर बसल्या होत्या. स्वयंपाकघराकडे बघत होत्या. तिथे सिलेंडर आणि फ्रिजच्या मधल्या जागेत एक गोधडी घडी करून ठेवलेली होती.

"नाही दिसलं," त्या म्हणाल्या. "पहाटे पाणी प्यायला जाताना ती पोर झोपलेली असायची, मी तिला ओलांडून जायचे. मला वाटलं, कामवालीची मुलगी असेल, आईबरोबर येत असेल. मला वाटलं..."

आणि त्या उठून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. वसंत फॉर्म भरत होता तो सगळा वेळ, दुखऱ्या गुडघ्यांवर, भिंतीला हात न लावता त्या उभ्या होत्या. मी म्हटलं, बाई, बसा. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती स्वयंपाकीण कामावरून गेली. वीणावर केस झाली, ती अजून चालू आहे. वीणा माझ्याशी बोलत नाही. बाजारात समोर आली तर रस्ता ओलांडते, आणि तिचं बरोबर की चूक हे ठरवायची माझी लायकी नाही. रंजिताची आई भट्टी सोडून तिसऱ्या दिवशी आली, मुलगी आता दुसऱ्या शाळेत आहे. तांडेलबाईंना नंतर इकडे बोलावलं होतं असं ऐकलं, त्या आल्या नाहीत. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, समितीच्या मॅडमसमोर.

छोटी खोली, मधे टेबल, भिंतीवर फुलपाखरं चिकटवलेली. मुलीचा जबाब घ्यायचा होता. बोलताना अडली तर तिच्या भाषेत विचारायला वसंत होता, लिहून घ्यायला मी. लिहिणारी दुसरी मिळेना म्हणून मी, नाहीतर माझा तिथे काय अधिकार! तांडेलबाई साक्षीदार, त्यांनी खरं तर बाहेरच थांबायचं. पण रंजिता त्यांचा हात सोडेना. मसोलीपासूनच तो तिने धरून ठेवला होता. मॅडमनी नाइलाजाने बाईंनाही आत घेतलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. रंजिता चांगली बोलत होती. किती वाजता उठायची, काय काय करायची, अंथरुणावरच्या आजीला कुशीवर कशी वळवायची. रडली नाही. अंगात वीणाच्या मुलीचा जुना टॉप होता, लांब बाह्यांचा. पाणी प्यायला तिने ग्लास उचलला तेव्हा बाही वर सरली आणि मॅडमना मनगटावरचा डाग दिसला. भाजल्याचा. रुपयाएवढा, कडेने अजून ओला.

"हे कसं गं झालं?"

"दूध उतू गेलं."

"कुणाला दाखवलंस?"

रंजिताने हनुवटीने तांडेलबाईंकडे खूण केली. मला काहीच माहीत नव्हतं. मी लिहिता लिहिता वर बघितलं.

"सोमवारी. ह्या आल्या ना, त्या दिवशी. ह्यांना दिसलं. ह्यांनी विचारलं, कसं भाजलं? मी सांगितलं, दूध उतू गेलं. मग ह्यांनी पिशवीतून मलम काढून लावलं." ती बाईंकडे बघून थोडंसं हसली. त्या दोन दिवसांत मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते. "त्या घरात किती माणसं यायची. कुणीच नाय विचारलं. ह्या चांगल्या आहेत."

"मग त्यांनी आणखी काय विचारलं?" मॅडमनी अगदी सहज विचारलं.

"मग काय नाय."

माझं पेन थांबलं. माझ्या गुरूसारखी ती बाई. पाच दिवसांत तिने माझी बावीस वर्षं उलटीपालटी केली होती. मी मॅडमकडे बघितलं, त्या फाइलीत बघत होत्या. वसंत खिडकीबाहेर बघत होता. हे एक वाक्य गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं?

"थांबलीस का गो?" तांडेलबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, मला ओळखूच आला नाही. "लिही. 'मलम लावले. त्यानंतर काहीही विचारले नाही.' माझं पूर्ण नाव घाल."

मी लिहिलं. नाव घातलं.

रंजिता घाबरून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. "बाई, मी काय चुकीचं बोलले?"

"नाय गो पोरी. बरोबर बोललीस," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपला हात हळूच काढून घ्यायला बघितला.

रंजिताने तो सोडला नाही.